पलटणीमागचा पाळणा

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की देवळालीच्या छावणीत बदल्यांचा हंगाम सुरू होतो. पत्र्याच्या काळ्या ट्रंका क्वार्टरांच्या ओट्यांवर येऊन बसतात. त्यांवर पांढऱ्या रंगाने जवानाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि नव्या ठाण्याचे नाव रंगविले जाते. एक संसार फिरोजपूरला निघतो, दुसरा सिकंदराबादहून येऊन दाखल होतो. तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय देवळालीला आणि रंगरूटांचे केंद्र नाशिकरोडला असल्यामुळे भारताच्या बहुतेक साऱ्या प्रांतांतील कुटुंबे केव्हा ना केव्हा या परिसरात राहून जातात. नाशिककरांना त्यांची ओळख असते ती बाजारातल्या हिंदी बोलण्यापुरती आणि लॅमरोडवरून धावणाऱ्या लष्करी गाड्यांपुरती. त्या सामानाबरोबर पाचव्या-सहाव्या महिन्याची एखादी गरोदर बाईही आलेली असते, याची नोंद ट्रंकेवर नसते आणि शहराच्या ध्यानातही नसते.

परदेश म्हटला की समुद्र, निदान पासपोर्ट, डोळ्यांसमोर येतो. पण ज्या गावात शेजारणीची भाषा कळत नाही, नर्सला नेमके काय दुखते ते सांगता येत नाही, बाजारात ओळखीची पालेभाजी सापडत नाही आणि आईला येऊन पोचायला दोन दिवस लागतात, ते गाव गरोदर बाईच्या दृष्टीने परदेशच होय. वेल्लोरच्या किंवा पौडी-गढवालच्या मुलीला देवळाली परदेश. निफाड-सिन्नरच्या मुलीला फिरोजपूर किंवा आसामातले मिसामारी परदेश. खरोखरीच्या परमुलखात संसार थाटण्याचा योग भारतीय सैन्यात फार थोड्यांना येतो. वकिलातींतील लष्करी सल्लागार किंवा १९६० च्या दशकाच्या आरंभापासून भूतानात असलेले आपले प्रशिक्षण पथक, एवढीच त्याची व्याप्ती. शांतिसेनेच्या तुकड्या तर कुटुंबे मागे ठेवूनच जातात. बाकीच्यांचा परदेश देशाच्या हद्दीतच असतो, आणि म्हणूनच त्याला परदेश म्हणण्याची कोणाला गरज वाटत नाही.

देवळालीला मात्र ही गोष्ट नवी नाही. १८६१ च्या सुमारास येथे गोऱ्या सैनिकांची छावणी वसली. विलायतेहून येणाऱ्या आणि तिकडे परतणाऱ्या पलटणींचा हा मुक्काम होता. बोटींचा हंगाम हिवाळ्याचा. तो चुकला की पुढच्या हंगामापर्यंत येथेच दिवस काढावे लागत. त्या रिकामपणात डोकी फिरत, म्हणून वेड लागलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डुलॅली’ म्हणण्याचा प्रघात पडला आणि त्याच्या जोडीने आपला ‘ताप’ हा शब्दही ‘टॅप’ होऊन त्या भाषेत गेला. सैनिकांच्या वेडाची अशी शब्दकोशात नोंद झाली. त्यांच्या बायकांचे काय झाले, हे विचारण्याचे फारसे कोणाला सुचले नाही.

त्या काळी ब्रिटिश सैन्यात साध्या सैनिकाला लग्नासाठी वरिष्ठांची परवानगी लागे, आणि परवानगीच्या बायका शेकडा मोजक्याच असत. त्यांची नावे पलटणीच्या पटावर चढत. पटावरच्या बाईला निवारा, शिधा आणि बोटीत जागा. पटाबाहेरच्या बाईला काही नाही. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात तर पलटण परदेशी निघाली की पटावरच्या बायकांतही चिठ्ठ्या टाकीत. ‘जायचे’ अशी चिठ्ठी निघाली ती बोटीवर चढे. ‘जायचे नाही’ निघाली ती कडेवरच्या मुलासह धक्क्यावर राही. भारतात येऊन पोचलेल्यांच्या वाट्याला उन्हाळा, पटकी आणि हगवण. छावण्यांच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींत तान्ह्या मुलांच्या शिळा इतक्या का आढळतात, याचे उत्तर त्यातच आहे. नवरा गेला तर शिधा काही महिनेच चाले, त्यामुळे विधवेने त्याच पलटणीतल्या दुसऱ्या सैनिकाशी लवकरात लवकर लग्न लावणे ही रीतच पडून गेली होती. या बायकांना निष्ठुर म्हणणाऱ्यांनी आधी त्या शिध्याचा हिशेब मांडून पाहावा.

पुढे परिस्थिती सुधारली, छावण्यांत इस्पितळे आली. १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ब्रिटिश तोफखान्यातल्या एका आयरिश सैनिकाच्या पोटी मुलगा झाला. तोच पुढे इंग्रजी विनोदाचा बादशहा ठरलेला स्पाइक मिलिगन. त्याचे बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेले. दुसऱ्या महायुद्धात तोही बापाप्रमाणेच तोफखान्यात लढला. एवढे होऊनही १९६० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश नागरिकत्वाचे नियम बदलले तेव्हा त्याच्या पासपोर्टाचा प्रश्न उभा राहिला आणि अखेर त्याने आयर्लंडचे नागरिकत्व पत्करले. आईबाप ज्या राज्यासाठी परमुलखात गेले, त्या राज्याने त्यांच्या मुलाला जन्मस्थळाचा जाब विचारावा, हा त्याच्या कोणत्याही विनोदापेक्षा मोठा विनोद होता. परठाण्यावर जन्मलेल्या मुलाचे गाव कोणते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

परंतु यासाठी इंग्रजांच्या घरी डोकावण्याचेही कारण नाही. पलटणीमागून परमुलखात गेलेल्या मराठी संसाराचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्राला पाठ आहे. फक्त ते या बाजूने पाहिले जात नाही. सुभेदार रामजी सकपाळ हे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडव्याचे. पत्नी भीमाबाई मुरबाडकरांच्या घरातल्या; त्यांचे वडील आणि चुलतेही पलटणीतच सुभेदारीला चढलेले. रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि नोकरीच्या ओघात इंदूरजवळच्या महू छावणीत येऊन राहिले. तेथे १४ एप्रिल १८९१ रोजी भीमाबाईंना चौदावे अपत्य झाले, ते भीमराव. चौदांपैकी पाचच जगली. कोकण दूर, मुरबाड दूर, भोवती माळव्याची भाषा. त्यातून अस्पृश्यतेमुळे छावणीबाहेरच्या गावाचा आधार जवळजवळ नाहीच. अशा ठिकाणी त्या बाईची बाळंतपणे कोणी केली असतील? चरित्रकारांनी या प्रश्नावर फार शाई खर्च केलेली नाही. उत्तर कठीण नसावे. पलटणीतल्या शेजारणींनीच ती केली असणार.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भीमाबाईंचे माहेर हेच मुळी पलटणीतले माहेर होते. बंदुकीचा आवाज, बदलीचा हुकूम, परप्रांतीय शेजार हे सारे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. छावणीने त्या समाजाला जे दिले ते गावाने दिले नव्हते: नियमित पगार, निवृत्तिवेतन, आणि मुलांप्रमाणेच मुलींना व बायकांनाही शिक्षण. ते काढून घेतले गेले तेव्हाचा आघातही तितकाच मोठा होता. १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची सैन्यभरती बंद झाली. त्याच सुमारास रामजी सेवानिवृत्त झाले. कुटुंब दापोलीला आणि तेथून साताऱ्याला आले. साताऱ्यात १८९६ साली भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे होते. छावणी सुटल्यानंतरच्या अल्प काळातच हे घडले.

आज देवळालीला आलेल्या बाईची स्थिती अर्थातच पुष्कळ सुधारलेली आहे. मिलिटरी हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर असते, तपासण्या वेळेवर होतात, बाळंतपणाचा खर्च पडत नाही. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कितीतरी बायकांना एवढे लाभत नाही, हे कबूल केलेच पाहिजे. पण इस्पितळाच्या दारापर्यंत पोचण्याआधी कागद पोचावा लागतो. जवानाचे लग्न झाले, मूल झाले, की पलटणीच्या कचेरीतून ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते आणि त्यानंतरच ती बाई व ते मूल सैन्याच्या लेखी अस्तित्वात येते. घाईत लग्न उरकून सीमेवर परतलेल्या जवानाचा कागद कोठे अडकला, तर त्याच्या गरोदर पत्नीची गाठ आधी कारकुनाशी आणि मग डॉक्टराशी पडते.

दुसरा प्रश्न घराचा. कुटुंब बरोबर ठेवण्याची मुभा शांततेच्या ठाण्यावरच, आणि तेथेही जवानांपैकी ठरावीक हिश्शापुरतीच क्वार्टरे. सैनिकांसाठी सुमारे २ लक्ष घरे बांधण्याची योजना २००२ साली सुरू झाली. ती चार वर्षांत संपविण्याचा संकल्प होता. पण पुढच्या दशकातही तिचे काम रेंगाळतच राहिले. तोवर प्रतीक्षायादी. मग भगूरला, विहितगावला किंवा लॅमरोडच्या आतल्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या. घरमालकाला लष्करातला भाडेकरू आवडतो, कारण भाडे वेळेवर मिळते आणि तीन वर्षांत खोली रिकामी होते. या दुसऱ्या कारणात त्या कुटुंबाची सारी हकीकत आली.

तीन वर्षांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, पहिले सहा महिने क्वार्टर मिळण्यात गेले. मधल्या काळात नवऱ्याचे दोन-तीन कोर्स, गोळीबाराचा सराव, एखादे वेळी पूरग्रस्तांच्या मदतीचे काम. त्यात बायकोला दिवस राहिले. आपल्या रिवाजाप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलीला घेऊन जायचे, सव्वा महिना तिने शेगडीजवळची बाज सोडायची नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, ओवा-बाळंतशोपा, आणि मूल मान धरू लागले की सासरी परत. म्हणजे पाच-सहा महिने गेले. नवराबायकोने एकत्र राहावे म्हणून सरकारने दिलेल्या तीन वर्षांतून खरोखर एकत्र राहणे उरले किती? आणि यानंतरचे ठाणे बहुधा सीमेवरचे, जेथे कुटुंबाला प्रवेश नाही.

माहेरच्या बाळंतपणाकडे आपण जिव्हाळ्याच्या नजरेने पाहतो. जिव्हाळा त्यात असतोच. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती एक विमायोजनाही आहे. बाळंतपणाचा खर्च, धोका आणि जागरणे यांचा भार माहेराने उचलायचा, सासरने त्या मुदतीत सुनेच्या श्रमावरचा हक्क सोडायचा, अशी ती वाटणी. सैनिकाच्या बाबतीत या विम्यात सरकारही फुकटचा लाभार्थी होते. जवान ठाण्यावर निश्चिंत राहावा म्हणून कोठेतरी साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात, कोठेतरी चांदवडात, एक म्हातारी रात्रभर जागत असते. आणि बाईने माहेरी न जाता ठाण्यावरच राहायचे ठरविले, तर तीच म्हातारी शेताची कामे टाकून हजार किलोमीटरचा प्रवास करते. दोन्हींपैकी कोठलाही खर्च संरक्षणखात्याच्या अंदाजपत्रकात सापडणार नाही.

जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. आकडा ऐकून शाळा-कचेरीतल्या वाचकाला हेवा वाटेल. पण ही रजा कधी मिळेल हे पलटणीची गरज ठरविते, आणि मूल आपली तारीख पलटणीला विचारून ठरवीत नाही. संसदेवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००१ मध्ये सैन्य सीमेकडे हलले ते ऑक्टोबर २००२ पर्यंत तेथेच खडे होते. ‘ऑपरेशन पराक्रम’ या नावाने ओळखली जाणारी ही हालचाल प्रत्यक्ष युद्धाविना संपली, म्हणून इतिहासात तिच्यावर थोडीच पाने पडतात. दहा महिन्यांचा तो काळ. त्या डिसेंबरात ज्यांना नुकतेच दिवस राहिले होते, त्यांचे सारे गरोदरपण, बाळंतपण आणि बारसे त्या मुदतीत बसते. पूर्वी ‘५६ एपीओ’ एवढ्याच पत्त्यावर बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याची तार जात असे. तारखाते २०१३ च्या जुलैत बंद झाले. आता दूरध्वनीच्या पडद्यावर मूल दिसते. सोय झाली हे खरे. पडद्यावर दिसणारा बाप रात्री मूल उचलून घेत नाही, हेही तितकेच खरे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पिगूचे एक विधान पहिल्याच वर्षी शिकवितात. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामणीशी लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न घटते, कारण काम तेच राहिले तरी पगार थांबतो. विद्यार्थी हसतात आणि पान उलटतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असे दिसले की घरातील बिनपगारी कामात सहभागी असणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, पुरुष ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाची नऊ. छावणीतल्या घरी पुरुषाच्या रकान्यात महिनोन्महिने शून्य असते. जेकब मिन्सर या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ साली कुटुंबांच्या स्थलांतराचा अभ्यास करताना ‘बांधलेले स्थलांतरित’ अशी कल्पना मांडली. स्वतःपुरते पाहिले असते तर जे हलले नसते, पण जोडीदाराच्या लाभासाठी हलतात, ते. अमेरिकेच्या संरक्षणखात्याने अलीकडच्या वर्षांत केलेल्या पाहण्यांत, नोकरी करू इच्छिणाऱ्या सैनिकपत्नींपैकी पाचांत एकीहून अधिक बेकार आढळतात. त्या श्रीमंत देशाने निदान मोजले तरी.

आपल्याकडे छावणीत बी.एड., एम.एस्सी., परिचारिकेची पदविका घेतलेल्या बायका आता विरळ राहिलेल्या नाहीत. त्या करतात काय? खासगी इंग्रजी शाळेत तुटपुंज्या पगारावर, कॉलेजात तासिका तत्त्वावर, नाहीतर शिकवण्या. मुलाखतीला ‘मिस्टरांची बदली कधी?’ हा प्रश्न ठरलेला. पोट दिसू लागले असेल तर तोही प्रश्न विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. सरकारी नोकरीची वाट अधिवासाच्या दाखल्यापाशी अडते. महाराष्ट्रात त्यासाठी १५ वर्षांचे वास्तव्य लागते आणि पलटण तीन वर्षांत हलते. एका अधिवासासाठी पाच बदल्या एकाच राज्यात व्हायला हव्यात. असा भाग्यवान जवान कोणाच्या पाहण्यात असेल तर त्याचा सत्कारच करावा. उलट बाजूने, नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या शिक्षिकेने जवानाशी लग्न केले तर ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा शब्दप्रयोग तिच्या उपयोगी पडत नाही. आंतरजिल्हा बदली फार तर नंदुरबारपर्यंत नेईल, पठाणकोटपर्यंत नाही. मग ती नोकरी धरून राहते आणि मूल एकटीने वाढविते, किंवा नोकरी सोडून ट्रंका भरते. मुलांसाठी केंद्रीय विद्यालये आहेत, व्यावसायिक शिक्षणात सैनिकांच्या पाल्यांना राखीव जागा आहेत. म्हणजे सैनिकाच्या मुलाचे फिरणे राज्यकर्त्यांना कळले आहे. त्या मुलाच्या आईच्या पात्रतेला मात्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पासपोर्ट लागतो.

सैनिकपत्नींच्या कल्याणाची ‘आवा’ ही संस्था १९६६ पासून काम करीत आहे. संकटाच्या वेळी, विशेषतः जवान धारातीर्थी पडल्यावर, तिचा आणि पलटणीचा आधार मोठा असतो. परंतु रोजच्या सोबतीसाठी सभा भरवून भागत नाही. नवऱ्यांचे हुद्दे बायकांच्या सतरंजीवरही येऊन बसतात. साहेबांच्या पत्नीसमोर गनरच्या पत्नीने आपल्या सुजलेल्या पायांची तक्रार करावी, हे घडणे कठीण. ती तक्रार शेजारच्या क्वार्टरमध्ये होते. तमिळ बाई आणि पंजाबी बाई अर्धवट हिंदीत बोलतात, एकीची सुंठ दुसरीच्या चुलीवर उकळते, आणि प्रसंग पडला की मध्यरात्री ॲम्ब्युलन्स बोलावणारी तीच असते. महूमध्ये भीमाबाईंच्या काळी जी व्यवस्था होती, ती अजून मोडलेली नाही. ती मोडली तर तिच्या जागी काय आणायचे, याचा विचार झाल्याचे दिसत नाही.

स्त्री स्वतःच गणवेशात असेल तर नियम उशिरा का होईना बदलले. लग्न केले म्हणून १९८८ साली सैनिकी परिचारिका सेवेतून काढून टाकलेल्या एका अधिकारी स्त्रीला ६० लक्ष रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. मध्ये ३६ वर्षे गेली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्त्री अधिकाऱ्यांप्रमाणेच साध्या सैनिक स्त्रियांनाही प्रसूती आणि बालसंगोपनाची रजा देण्याचे ठरले. याच्या विरुद्ध दिशेचे पाऊल २०२२ च्या अग्निपथ योजनेचे. अग्निवीर म्हणून भरती अविवाहितांचीच, मुदत चार वर्षांची, आणि पुढे कायम होणार त्यांतले फार तर २५ टक्के. एकोणिसाव्या शतकातल्या त्या पटाची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. बायको आणि मूल हा सैन्यावरचा खर्च, तो जितका पुढे ढकलता येईल तितका बरा, हा हिशेब जुनाच आहे.

राज्य सरकारने ठरविले तर काही गोष्टींना फारसा पैसा लागणार नाही. सेवेतील सैनिकांच्या पत्नींना शिक्षिका व परिचारिका यांच्या भरतीत अधिवासाची अट शिथिल करता येईल. दुसऱ्या राज्यातली नोंदणी व पात्रता येथे मान्य करण्याची मुदत ठरवून देता येईल. नाशिकच्या शिक्षणसंस्थांना तर सरकारी आदेशाचीही वाट पाहण्याचे कारण नाही. तीन वर्षे टिकणारी चांगली शिक्षिका ही तासिकेवर दरवर्षी बदलणाऱ्या शिक्षिकेपेक्षा स्वस्त पडते, एवढे गणित संस्थाचालकांना यायला हरकत नाही. आणि शांततेच्या ठाण्यावरच्या जवानाला बाळंतपणाच्या आगेमागे निश्चित पंधरा दिवस मिळावेत, ही मागणी फार मोठी नव्हे. केंद्राच्या मुलकी नोकरांना पितृत्वाची एवढी रजा पूर्वीपासून आहे.

तोवर बदलीचा हुकूम आला की क्वार्टर परत करण्याचा दिवस ठरतो. एमईएसचा माणूस यादी घेऊन येतो. पंखे, नळ, काचा, दाराच्या कड्या मोजल्या जातात, आणि जे मोडले असेल त्याची भरपाई जवानाच्या पगारातून वळती होते. छताच्या हुकाला पाळण्याची दोरी घासून गेलेला चुना आणि भिंतीवर पेन्सिलीने मारलेल्या रेघोट्या यांची गणना नुकसानीतच होते. त्या आदल्या रात्री खरवडून काढण्याचे काम घरातल्या बाईचे.